ए२ए रिसेप्टरची बाइंडिंग चाचणी सामायिक प्रयोगशाळेत करून घेताना

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत संयुगे तयार होतात आणि शुद्धही होतात, पण ती रिसेप्टरला (पेशीवरच्या, संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) किती घट्ट बसतात, म्हणजेच त्यांचे बाइंडिंग, हे मोजायची सोय तिथे नाही. ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) हाताळायचा परवाना नाही, एसपीआरचे (चिपवर धरलेल्या प्रथिनावर रेणू बसताना-सुटताना दाखवणारे) यंत्र नाही, आणि चौदा संयुगांसाठी हे दोन्ही उभे करणे परवडणारे नाही. म्हणून हे काम महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका सामायिक प्रयोगशाळेत करून घेतले. पहिल्या अर्जापासून शेवटच्या फाइलपर्यंत चार महिने गेले. त्यातले प्रत्यक्ष यंत्रावरचे दिवस जेमतेम अकरा. बाकीचा बराचसा वेळ आम्ही आधी न ठरवलेल्या गोष्टी मागाहून ठरवण्यात गेला. असेच काम बाहेरून करून घेणाऱ्या इतरांचा तो वाचावा म्हणून सगळा तपशील इथे देत आहोत.

लक्ष्य होते मानवी ए२ए अ‍ॅडेनोसिन रिसेप्टर. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारे हे ४१२ अमिनो आम्लांचे प्रथिन. चहा-कॉफीतले कॅफीन यालाच अडवते. पार्किन्सनवरचे इस्ट्राडेफायलिन हे औषध याच रिसेप्टरवर बसते. त्याला जपानमध्ये २०१३ साली आणि अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. वापरातल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे या कुळातल्या रिसेप्टरांवर काम करतात, तरीही या प्रथिनांवर बाइंडिंग मोजणे एखाद्या साध्या एन्झाइमइतके सोपे होत नाही. एन्झाइम पाण्यात विरघळते, बाटलीतून काढून वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) टाकता येते. रिसेप्टरला मात्र भोवतीचे लिपिड हवे असते. ते काढून घेतले की घडी बिघडते, आणि बिघडलेल्या प्रथिनावर मोजलेला आकडा कोणत्याच औषधाबद्दल काही सांगत नाही.

सामायिक प्रयोगशाळेचा अर्ज दोन पानांचा होता. संयुगाची रचना त्यांनी विचारली नाही. गोपनीयतेचा करार आधी झाला आणि रचनेची गरजही नव्हती. पण रेणुभार, डीएमएसओ या द्रावकातली आणि बफरमधली विद्राव्यता, शुद्धता, आणि संयुग मिठाच्या रूपात आहे की मुक्त रूपात, हे चार रकाने सक्तीचे होते. आमच्या दोन संयुगांत हायड्रोक्लोराइड होते आणि आम्ही मुक्त बेसचा रेणुभार लिहिला होता. ही चूक छोटी दिसते, पण वजन करून साठा बनवला की एकाग्रता दहा टक्क्यांनी चुकते आणि ती चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात बसते. रेणुभार त्यांना आणखी एका कारणासाठी हवा होता. एसपीआरमध्ये मिळणारा जास्तीत जास्त सिग्नल त्यावरूनच काढतात. तो हिशेब पुढे येईल.

पद्धत निवडायची बैठक तासभर चालली. आम्हाला सरसकट एसपीआर हवे होते, कारण त्यातून वेगही कळतो. तिथल्या तज्ज्ञांनी उलटा क्रम सुचवला: आधी मेंब्रेनवर (पेशीपटलाच्या तुकड्यांवर) रेडिओलिगँड, म्हणजे रिसेप्टरवर बसणारा, किरणोत्सर्गी खूण लावलेला रेणू, मग निवडक संयुगे एसपीआरवर. त्यांचे म्हणणे बरोबर होते. रेडिओलिगँड चाचणीत रिसेप्टर पेशीपटलाच्या तुकड्यातच राहतो, शुद्ध करावा लागत नाही, आणि मोजले जाते ते फक्त त्या रिसेप्टरवर बसलेले ट्रिशियम. बाकी प्रथिने कितीही असली तरी चालते. एसपीआरला शुद्ध, डिटर्जंटमध्ये तग धरणारा रिसेप्टर लागतो आणि तो तयार करायला आठवडे जातात. चौदा संयुगांतली अर्धी निरुपयोगी निघणार असतील तर तो खर्च आधी का करावा?

रेडिओलिगँड म्हणून ट्रिशियम लावलेले झेडएम २४१३८५ घ्यायचे ठरले. ए२ए रिसेप्टरची स्फटिकरचना २००८ साली प्रथम मिळाली ती याच रेणूसोबत, त्यामुळे तो कुठे बसतो याबद्दल शंका नाही. परवान्याची बाजू प्रयोगशाळेची होती. ट्रिशियम वापरायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, अर्ज ई-लोरा या प्रणालीवरून जातो, आणि जागेवर विकिरण सुरक्षा अधिकारी असावा लागतो. ग्राहकाला यातले काही करावे लागत नाही, फक्त वाट पाहावी लागते. लिगँड बाहेरून मागवायचे होते आणि ते यायला सहा आठवडे लागले. ही मागणी पहिल्याच दिवशी नोंदवायला हवी होती; आम्ही करार पूर्ण व्हायची वाट पाहत बसलो आणि तेवढे दिवस फुकट गेले.

ट्रिशियमबद्दल एक गोष्ट प्रयोग बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्याचा बीटा किरण इतका दुबळा असतो, कमाल १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, की गायगर काउंटर तो पकडत नाही आणि छातीवरच्या टीएलडी बिल्ल्यावरही त्याची नोंद होत नाही. बाक स्वच्छ आहे की नाही हे फक्त ओल्या कागदाने पुसून, तो कागद सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजूनच कळते. काम करणाऱ्यांची तपासणी लघवीच्या नमुन्यावरून होते. तिथे प्रत्येक सत्रानंतर बाकाच्या ठरलेल्या आठ जागा पुसल्या जात आणि वहीत नोंद होई. ही शिस्त पाहूनच आम्हाला त्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवावासा वाटला.

आता मेंब्रेन. हा भाग सविस्तर लिहितो, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले. पेशी वाढवायचे काम ठाण्यातल्याच एका पेशीसंवर्धन प्रयोगशाळेला दिले होते. रिसेप्टर कायमचा बसवलेल्या हेक २९३ (मानवी मूत्रपिंडापासून बनवलेल्या) पेशी, १५ सेंटिमीटरच्या बशा. पद्धत साधी आहे. पेशी थंड पीबीएसमध्ये (मीठ-फॉस्फेटच्या द्रावणात) खरवडून काढायच्या; ट्रिप्सिन वापरायचे नाही, ते पृष्ठभागावरची प्रथिने कापते. मग १० मिलिमोलर ट्रिस आणि १ मिलिमोलर ईडीटीएच्या हायपोटॉनिक (पेशीपेक्षा क्षार कमी असलेल्या) बफरमध्ये, प्रोटीएज इन्हिबिटर (प्रथिने कापणारी एन्झाइमे थांबवणारे) घालून, बर्फात १५ मिनिटे फुगू द्यायच्या. होमोजिनायझर दहा-दहा सेकंदांच्या झटक्यांत चालवायचा आणि मध्ये अर्धा मिनिट बर्फात थांबायचे, कारण सलग चालवला तर पाते तापते. १,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट) १० मिनिटे फिरवून न फुटलेल्या पेशी आणि केंद्रके खाली बसवायची, वरचे द्रावण ४०,००० जी वर ३० मिनिटे फिरवायचे. पेलेट (तळाशी बसलेला गोळा) पुन्हा बफरमध्ये घेऊन एकदा धुवायचे. शेवटी १० टक्के सुक्रोज असलेल्या बफरमध्ये मिसळून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे आणि उणे ८० अंशांवर ठेवायचे.

पहिल्या खेपेला हे सगळे झाले, पण माल आला तो पाच-पाच मिलिलिटरच्या दोन नळ्यांत. दर प्रयोगाला नळी वितळवायची, हवे तेवढे काढायचे, पुन्हा गोठवायचे. तिसऱ्या वितळण्यानंतर एकूण बाइंडिंग पहिल्या दिवसाच्या निम्म्याहून खाली आले होते. गोठताना आणि वितळताना बर्फाचे कण पटलाचे तुकडे फाडतात, आणि वितळलेल्या अवस्थेत उरलेसुरले प्रोटीएज काम सुरू करतात. पूर्ण बॅच टाकून द्यावी लागली. दुसऱ्या बॅचला २५० मायक्रोलिटरचे अलिकॉट (छोटे वेगवेगळे वाटे) मागितले, एका वेळी एकच, उरलेले फेकायचे. मागणीपत्रात "मेंब्रेन, १० मिलिलिटर" एवढेच लिहिले होते. अलिकॉटचा आकार लिहिला असता तर तीन आठवडे वाचले असते. तो आता आमच्या प्रत्येक मागणीपत्रात असतो.

प्रथिन मोजायला बीसीए ही रंगावरून मोजायची चाचणी वापरली. ब्रॅडफर्ड या दुसऱ्या चाचणीला डिटर्जंट चालत नाही आणि पटलाची प्रथिने नीट विरघळवायला थोडे एसडीएस हे डिटर्जंट घालावे लागते, म्हणून बीसीए बरे. पण नळीत डीटीटी असेल तर बीसीए खोटा रंग देते, हेही विचारून घ्यावे.

ने-आण हा ठाणे-महापे पट्ट्यातला वेगळाच विषय. अंतर फार नाही, पण जुलैत कळव्याकडून निघाले तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलेले असू शकते आणि मग गाडी तासन्‌तास अडकते. मुलुंडवरून ऐरोली पुलाचा रस्ता धरला तर तो धोका टळतो. थर्मोकोलच्या जाड खोक्यात चार किलो ड्राय आइस घेतला, नळ्या मध्यभागी, वर-खाली बर्फ, झाकण पूर्ण हवाबंद न करता. कार्बन डायॉक्साइड बाहेर जायला वाट हवी, आणि गाडीची काच थोडी उघडी ठेवायला हवी. संयुगांचे डीएमएसओमधले साठे मात्र त्याच खोक्यात ठेवू नयेत. ड्राय आइसमधून निघणारा वायू सैल झाकणातून नळीत शिरतो आणि पुढे बफरचा पीएच खाली खेचतो. साठे वेगळ्या डब्यात, सिलिका जेलसोबत नेले.

सिलिका जेल कशाला, याचे उत्तर पावसाळ्यात आहे. डीएमएसओ हवेतले पाणी ओढून घेतो. नवी मुंबईच्या जुलैतल्या हवेत उघडी राहिलेली नळी काही तासांत जाणवण्याइतके पाणी घेते. साठा पातळ होतो आणि कमी विद्राव्य संयुग खाली बसू लागते. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो, त्यामुळे फ्रिजमधून काढलेली नळी पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. थंड नळी उघडली की दव आत उतरते. आमच्या संयुग क्रमांक ४ च्या पहिल्या साठ्यात तळाशी पांढुरका थर दिसला तो यामुळेच. नवा साठा केला, दहा-दहा मायक्रोलिटरमध्ये वाटला, आणि प्रत्येक नळी एकदाच वापरली.

प्रत्यक्ष चाचणीचा बफर होता ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ट्रिसचा पीएच तापमानागणिक सरकतो, दर अंशाला सुमारे ०.०२८. चार अंशांवर ७.४ ला लावलेला बफर २५ अंशांवर ६.८ च्या आसपास जातो. म्हणून ज्या तापमानाला चाचणी करायची त्याच तापमानाला पीएच लावायचा.

ए२ए रिसेप्टरला आणखी एक तयारी लागते आणि ती विसरली तर सगळे आकडे कमकुवत येतात. पेशी फोडल्या की त्यांतले अ‍ॅडेनोसिन बाहेर पडते आणि मेंब्रेनच्या नळीत शिल्लक राहते. तेच या रिसेप्टरचे नैसर्गिक लिगँड. ते आधीच जागा अडवून बसले असेल तर आपले संयुग आहे त्यापेक्षा दुबळे दिसते. उपाय म्हणजे अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज हे एन्झाइम, मिलिलिटरला २ युनिट, २५ अंशांवर ३० मिनिटे. ते अ‍ॅडेनोसिनचे इनोसिन करते. खात्री म्हणून आम्ही एका प्लेटवर एन्झाइम न घालता सहा वेल मागितले. त्यांतले एकूण बाइंडिंग स्पष्टपणे कमी होते. इतके पुरेसे आहे.

मग मेंब्रेन किती घालायचे? प्रयोगशाळेच्या ठरलेल्या पद्धतीत २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये २० मायक्रोग्रॅम होते. आमच्या दुसऱ्या बॅचमध्ये सॅच्युरेशन वक्रावरून (लिगँड वाढवत नेऊन बाइंडिंग मोजल्यावर मिळणाऱ्या) दर मिलिग्रॅमला ४ पिकोमोल रिसेप्टर निघाले आणि केडी, म्हणजे निम्म्या जागा भरायला लागणारी एकाग्रता, १.१ नॅनोमोलर. इतके रिसेप्टर पाहून आनंद झाला, पण हिशेब केल्यावर अडचण दिसली. वेलमध्ये १ नॅनोमोलर लिगँड म्हणजे २०० फेम्टोमोल. २० मायक्रोग्रॅम मेंब्रेनमध्ये ८० फेम्टोमोल रिसेप्टर. समतोलाला (बसणे आणि सुटणे बरोबरीला आले की) साधारण ३५ फेम्टोमोल लिगँड बसणार, म्हणजे घातलेल्याच्या १७-१८ टक्के. नियम असा की हा आकडा दहाच्या आत हवा. कारण पुढची सगळी सूत्रे असे धरून चालतात की मोकळे लिगँड जवळपास घातल्याइतकेच आहे. ते संपू लागले की केडी मोठा दिसतो आणि स्पर्धक संयुगांचे आकडेही सरकतात. मेंब्रेन ५ मायक्रोग्रॅमवर आणले. आता बसणार ९ ते १० फेम्टोमोल, पाच टक्क्यांच्या आत.

इतक्या कमी मेंब्रेनवर काउंट पुरतात का, हाही हिशेब आधी मांडला. लिगँडची विशिष्ट क्रियाशीलता दर मिलिमोलला ५० क्युरी, म्हणजे दर फेम्टोमोलला १११ विघटने प्रतिमिनिट. साडेनऊ फेम्टोमोलची होतात १,०५० च्या आसपास. फिल्टरवर मोजणीची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ४२० काउंट. अविशिष्ट बाइंडिंग (रिसेप्टर सोडून इतरत्र चिकटलेले) पन्नास-साठ काउंट होते. दोन्हींतले अंतर पुरेसे मोठे. शिवाय चौदा संयुगे, दहा एकाग्रता, दोन-दोन वेल आणि तीन वेगवेगळे दिवस म्हणजे ८४० वेल. २० मायक्रोग्रॅमने पावणेसतरा मिलिग्रॅम मेंब्रेन गेले असते, ५ ने ४.२ मध्ये भागले. हा फायदा पुढे फार उपयोगी पडला.

अविशिष्ट बाइंडिंग मोजायला, म्हणजे रिसेप्टरच्या सगळ्या जागा आधी अडवायला, १०० मायक्रोमोलर नेका हे संयुग घेतले. ते अ‍ॅडेनोसिनच्या घराण्यातले आणि झेडएम वेगळ्या सांगाड्याचे. मुद्दाम तसे निवडतात. थंड (किरणोत्सर्गी नसलेले) झेडएमच वापरले असते तर फिल्टरवर किंवा प्लास्टिकवर त्याच सांगाड्याला आवडणारी एखादी जागा असल्यास तीही "विशिष्ट" म्हणून मोजली गेली असती.

फिल्टर जीएफ/बी (काचतंतूंचे), ०.३ टक्के पॉलिइथिलीनइमाइनमध्ये तासभर भिजवलेले. शोषल्यावर बर्फासारख्या थंड बफरचे चार वॉश, प्रत्येकी २५० मायक्रोलिटर. हे झटपट का करावे लागते ते एका हिशेबाने कळते. जोडणीचा वेग सेकंदाला १० लाख प्रतिमोलर धरला, तर १ नॅनोमोलर केडीच्या लिगँडचा सुटण्याचा अर्धायू ६९३ सेकंद. दहा टक्क्यांपेक्षा कमी गळती हवी तर त्याच्या ०.१५ पट वेळ मिळतो, म्हणजे पावणेदोन मिनिटे. केडी १० नॅनोमोलर असेल तर फक्त दहा सेकंद, आणि १०० असेल तर एक सेकंद, म्हणजे फिल्टर पद्धत सोडूनच द्यावी. थंडीत सुटण्याचा वेग आणखी मंदावतो, म्हणून वॉशची बाटली शेवटच्या क्षणापर्यंत बर्फात. फिल्टर ५० अंशांवर सुकवून, सिंटिलंट घालून, तीन तास थांबून मोजायचे. ओलसर फिल्टर लगेच मोजला तर काउंट कमी येतात आणि तासागणिक चढत जातात. पावसाळ्यात सुकवायची वेळ दुप्पट करावी लागली.

संयुगांची पातळीकरणे आधी पूर्ण डीएमएसओमध्ये करून घेतली, मग प्रत्येक पायरी बफरमध्ये. उलटे केले, म्हणजे जाड द्रावण बफरमध्ये घेऊन तिथून पातळ करत गेले, तर चरबीप्रेमी संयुग पहिल्याच वेलमध्ये खाली बसते किंवा प्लास्टिकला चिकटते आणि पुढच्या सगळ्या वेलमध्ये कागदावर लिहिले त्यापेक्षा कमी जाते. प्लेट पॉलिप्रॉपिलीनच्या, पॉलिस्टायरीनच्या नव्हेत. वेलमध्ये डीएमएसओ सगळीकडे १ टक्का, ब्लँकमध्येही.

आता वेळ. ठरलेली पद्धत होती २५ अंशांवर ६० मिनिटे, आणि लिगँडपुरती ती योग्य होती. बाइंडिंग तोवर सपाट झालेले असते. पण स्पर्धा चालू असताना समतोल कधी येणार हे दोघांतला जो हळू सुटतो त्याच्यावर ठरते. हळू सुटणारे संयुग वेलमध्ये असेल तर सुरुवातीला लिगँड भराभर जागा पकडते, मग एकेक जागा सुटते तशी त्या संयुगाच्या ताब्यात जाते आणि परत येत नाही. साठाव्या मिनिटाला ही देवाणघेवाण अर्धवट असते. त्या क्षणी थांबवले तर ते संयुग दुबळे दिसते.

संयुग क्रमांक ९ चे नेमके हेच झाले. ६० मिनिटांना आयसी५० (लिगँडचे बाइंडिंग निम्मे करणारी एकाग्रता) आला ४८ नॅनोमोलर, यादीत सहावा. त्याचा वक्र थोडा जास्त उभा होता आणि तीन दिवसांचे आकडे इतरांपेक्षा जास्त विखुरलेले होते. कारण शोधायला सहकाऱ्यांनी वेलमध्ये लिगँड घातल्याच्या नोंदी काढल्या. प्लेट भरताना पहिल्या आणि शेवटच्या ओळीत काही मिनिटांचा फरक पडत होता. आकडा मिनिटांवर हलत असेल तर समतोल आलेला नाही, हे उघड झाले. वाचलेले मेंब्रेन इथे कामी आले. सगळी मालिका ४ तासांना पुन्हा केली. तेरा संयुगांचे आकडे प्रयोगाच्या चुकीच्या मर्यादेत तेच राहिले. क्रमांक ९ चा आला ११. रिसेप्टर चार तास टिकतो का हेही तपासले. संयुग नसलेल्या वेलमधले काउंट सहा टक्क्यांच्या आत तेवढेच होते.

चेंग-प्रुसॉफ सूत्राने, १ नॅनोमोलर लिगँड आणि १.१ केडी धरून, आयसी५० ला १.९१ ने भागायचे. क्रमांक ९ चा केआय (संयुगाचा स्वतःचा केडी) २५ वरून ६ च्या खाली आला. हे १९७३ चे सूत्र समतोल गृहीत धरते. ६० मिनिटांच्या आकड्याला ते लावले तर उत्तर निघते, दोन दशांश स्थळांपर्यंत निघते, आणि चूक असते. म्हणून आमचा आग्रह असा की सामायिक प्रयोगशाळेला काम देताना दोन वेळांची मालिका आधीच मागावी. सगळ्या एकाग्रतांवर परवडत नसेल तर एक स्वस्त मार्ग आहे: आयसी५० इतके संयुग घालून लिगँडचे बाइंडिंग सुरुवातीला एकदा आणि समतोलाला एकदा मोजायचे. आधीचा आकडा नंतरच्यापेक्षा मोठा आला तर संयुग हळू सुटणारे आहे. फक्त काही वेल लागतात.

एसपीआरला मग पाचच संयुगे नेली. रिसेप्टर कीटकपेशींत बनवून १ टक्का डीडीएम (एक सौम्य डिटर्जंट) आणि ०.२ टक्के कोलेस्टेरिल हेमिसक्सिनेटमध्ये विरघळवला, चार अंशांवर. कोलेस्टेरिलचा भाग टाळू नये. डीडीएम एकटे असले तर हा रिसेप्टर लवकर मरतो. शुद्धीकरणाच्या बफरमध्ये थिओफायलिन घातले होते. कमकुवत लिगँड असल्याने ते रिसेप्टरला आधार देते आणि नंतर धुऊन निघते. पण ते २७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरदार शोषते, त्यामुळे २८० वर प्रथिन मोजायला गेले की आकडा फुगतो. आमच्या पहिल्या अहवालातले "२ मिलिग्रॅम" असेच फुगलेले होते. जेलवर पट्टी पाहून खरे प्रमाण समजले.

सिग्नलचा हिशेब असा. चिपवर ४,००० आरयू (एसपीआरच्या सिग्नलचे एकक) रिसेप्टर धरला. रेणुभार रिसेप्टरचा ४५,०००, संयुगाचा ३८०. जास्तीत जास्त सिग्नल ३४ आरयू. तो सगळा रिसेप्टर जिवंत असेल तर; ४० टक्के जिवंत धरला तर साडेतेरा. त्या ४,००० मध्ये सोबत आलेले डिटर्जंट आणि लिपिडही असते, म्हणून प्रत्यक्षात आणखी कमी. आता डीएमएसओ पाहा. नमुन्यात ५ ऐवजी ५.१ टक्के पडला तर त्याच्या अपवर्तनामुळेच शंभराहून जास्त आरयूची उडी येते. म्हणजे पिपेटची छोटीशी चूक औषधाच्या सिग्नलच्या कित्येक पट. त्यासाठी ४.५ ते ५.८ टक्क्यांच्या दरम्यान आठ द्रावणांची सुधारणा-मालिका चालवतात, आणि नमुना त्याच रनिंग बफरच्या बाटलीतून बनवतात. वेगळ्या दिवशी केलेला "तोच" बफर चालत नाही.

दर बारा फेऱ्यांनी १०० मायक्रोमोलर कॅफीनची एक फेरी घेतली. सिग्नल पाच-सहा आरयूचा, पण तो हळूहळू घसरला की रिसेप्टर चिपवर मरतो आहे हे कळते. सोळा तासांत तो पाऊण उरला आणि आकडे त्याप्रमाणे सुधारून घेतले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट संदर्भवाहिनी, म्हणजे चिपवरची तुलनेसाठीची, रिसेप्टर नसलेली वाहिनी. ती रिकामी ठेवायची सवय असते. आम्ही त्याच डिटर्जंटमधले दुसरे, असंबंधित पटलप्रथिन तिथे लावून मागितले. संयुग क्रमांक १२ रिकाम्या वाहिनीच्या तुलनेत छान बसताना दिसत होते, सिग्नल ६० आरयूच्या वर आणि थांबायचे नाव नाही. ३४ च्या वर जायला जागाच नाही. असंबंधित प्रथिनावरही ते तितकेच बसले. ते डिटर्जंटच्या थरात शिरत होते, रिसेप्टरवर नाही. रेडिओलिगँडमध्ये त्याने काहीच विस्थापित केले नव्हते, ते याच्याशी जुळले. क्रमांक ९ मात्र इथेही हळूच सुटले. वाहिनी धुतल्यावर सिग्नल निम्मा व्हायला ४० मिनिटांहून जास्त लागली, आणि चार तासांचा आकडा का बदलला ते उघड झाले.

बिलात प्लेटचा दर, यंत्राचा दिवसाचा दर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. चिप आणि रेडिओलिगँड वेगळे, आणि उरलेले लिगँड ट्रिशियम असल्याने परत मिळत नाही. किरणोत्सर्गी कचऱ्याची रक्कमही वेगळी लावतात, ती अंदाजपत्रकात आहे का पाहावे. अहवालात फक्त आयसी५० चा तक्ता आला होता. प्रत्येक वेलचे कच्चे काउंट, प्लेटचा नकाशा, मेंब्रेनचा बॅच क्रमांक, लिगँड घातल्याची आणि थांबवल्याची वेळ, एसपीआरच्या मूळ फाइली, हे सारे मागितल्यावर मिळाले. प्लेट भरल्याच्या वेळा त्या नोंदीत नसत्या तर क्रमांक ९ आजही सहाव्या जागेवर असता.

दुसऱ्या बॅचचे १९ अलिकॉट अजून उणे ८० अंशांवर आहेत. नव्या सहा संयुगांसाठी तेच वापरायचे आहेत, त्यामुळे आधी एका अलिकॉटवर सॅच्युरेशन पुन्हा करून केडी १.१ च्या जवळ येतो का ते पाहणार, आणि या वेळी लिगँडची मागणी आधीच गेली आहे.